भुजंगकाका आणि अर्ध्या पानाची जाहिरात

भुजंगकाकांना पालीची भीती वाटायची, घाटाची वाटायची, लिफ्टची वाटायची. आणि सगळ्यात जास्त भीती वाटायची ती मासिकाचा नवा अंक हातात आल्यावर. अंक आला की ते तो लगेच उघडत नसत. टेबलावर उपडा ठेवायचे. चष्मा पुसायचे. शेजारच्या सलीमभाईंच्या टपरीवरून चहा मागवायचे. चहा संपला तरी अंक उपडाच. मग मी समोर असले तर म्हणायचे, "बाई, तू बघ आधी. काही वाईट असलं तर एकदम सांगू नको."

सलीमभाई ग्लास न्यायला आले की हमखास टोमणा मारायचे. "नाम भुजंग, और डरते छिपकली से. काका, नाव तरी बदलून घ्या."

काका शांतपणे म्हणायचे, "नाव आजीनं ठेवलंय. तिला कुठं माहीत होतं मी असा निघंल."

संभाजीनगरच्या गारखेड्यात त्यांचं एका शटरचं दुकान होतं. एक संगणक, एक प्रिंटर, भिंतीवर जुन्या जाहिरातींचे नमुने. त्याच इमारतीत वरच्या खोलीत मी आणि आणखी दोन मुली भाड्यानं राहायचो. मी वैजापूरकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडायचा, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी पाण्याची बाटली सतत हातात धरायची. या शहरात आल्यापासून मला सगळे लोक फार धीट वाटत होते. रस्ता ओलांडणारे धीट, साहेबांशी बोलणारे धीट. मोठ्या आवाजात "मला भीती वाटती" म्हणणारा मोठा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो भुजंगकाका. म्हणूनही असेल, मला त्यांच्या दुकानात बसायला बरं वाटायचं.

ओळख झाली ती कॉलेजच्या प्रकल्पामुळे. सरांनी छापील जाहिरातींवर लिहायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी साबण, गाड्या, दागिने घेतले. मला माझ्या खोलीखालीच जे चालतं ते घ्यावंसं वाटलं. काका एका मासिकासाठी गाण्यांच्या नव्या अल्बमच्या जाहिराती बनवायचे. ते मासिक जागरण-गोंधळाच्या पार्ट्या, भजनी मंडळं, ओवी मंडळं, बँडवाले असे लोक घेतात. एसटी स्टँडवर आणि देवस्थानाजवळच्या स्टॉलवर मिळतं.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, आता गाणी मोबाईलवर फुकट ऐकायला मिळतात. मग अल्बमची जाहिरात मासिकात कोण देतं?"

"अल्बम कोण विकतंय बाई," ते म्हणाले. "अल्बम निमित्त आहे. गाव जत्रेला कार्यक्रम ठरवायला बसतं ना, तेव्हा मधोमध हे मासिक असतं. कुणाचं नवीन काय आलं, ते बघतात, फोटो बघतात, खालचा नंबर लावतात. मोबाईलमधलं गाणं सरकून जातं. पान सरकत नाही. ते पारावर पडून राहतं."

मी ते तसंच लिहून घेतलं. सरांना ते वाक्य आवडलं होतं. काकांना मी तसं सांगितलं तर ते घाबरले. "माझं नाव नाही ना दिलं?"

त्यांच्या कामात भीती सगळीकडे होती. गायक येऊन म्हणायचे, नावाच्या मागे 'महागायक' टाका. काका टाकत नसत. "उद्या कुणी विचारलं, कोण म्हणतं महागायक, तर मी काय सांगू?" फार हट्ट केला तर 'सुपरिचित' लिहायचे, आणि तेही लिहून झाल्यावर दोनदा विचारायचे, "गावात ओळखतात ना तुम्हाला?" जाहिरातीच्या कोपऱ्यात हल्ली तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, त्यावर मोबाईल धरला की गाणं लागतं. तो चौकोन काका स्वतःच्या फोनवर तपासायचे, मग माझ्या, मग सलीमभाईंच्या. दुसऱ्याचंच गाणं लागलं तर, असं त्यांना वाटायचं. एकदा भजनाचा चौकोन सलीमभाईंच्या फोनवर उघडेना. काकांनी जेवण सोडून छापखान्यात फोन लावला. नंतर कळलं, सलीमभाईंचा रिचार्जच संपला होता.

"काका, आपके चक्कर में मेरी बेइज्जती हो गई," सलीमभाई म्हणाले.

खालच्या बाजूला वादकांचे गोल फोटो असतात. ढोलकीवाल्याचं डोकं पेटीवाल्यापेक्षा तिळाएवढं लहान झालं म्हणून एक पार्टी दुकानात भांडायला आली होती. काका खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "मोजा, मोजा. पट्टी तिथं आहे." पट्टीनं मोजल्यावर डोकी सारखी भरली. ढोलकीवाल्याचे केस विरळ होते, म्हणून तसं दिसत होतं. हे काकांनी त्यांना सांगितलं नाही. ते गेल्यावर मला सांगितलं, तेही हळू आवाजात.

पण त्यांच्या मोठ्या भीतीचं कारण वेगळं होतं. अल्बमच्या जाहिरातींवर त्यांचं पोट भरत नसे. त्यांचं खरं काम श्रद्धांजलीचं. वर्तमानपत्रातली निधनवार्ता, दशक्रियेचे फलक, वर्षश्राद्धाची पानं. लंबगोल चौकट, तिच्याभोवती झेंडूची माळ, खाली तेवणारा दिवा. हे सगळं त्यांच्या संगणकात तयार असायचं. आणि त्याच संगणकात हसऱ्या गायकांचे फोटोही असायचे. ते एकमेकांत मिसळतील, ही त्यांची भीती. म्हणून त्यांनी नेम केला होता. सकाळी गेलेल्यांचं काम, दुपारनंतर असलेल्यांचं. मध्ये उठून हातपाय धुवायचे, टपरीवर जाऊन उभ्यानं चहा प्यायचा, आणि मगच पुन्हा खुर्चीत बसायचं. गायकाचा फोटो काढताना त्याला हसायला लावायचे, इतकं की दात दिसले पाहिजेत.

"दिवा आणि माळ असली की लोक वाचत नाहीत, बाई," ते मला म्हणाले होते. "मी बघितलंय. आधी दिवा बघतात, मग चेहरा बघतात. अक्षरापर्यंत जातच नाहीत. तेवढ्यात मनात जे व्हायचं ते होऊन जातं."

खंडू नावाचा एक गायक त्यांच्याकडे आला तेव्हा मी दुकानातच होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. वाळूजच्या एका कंपनीत कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी धनगरी ओव्या म्हणायचा. त्याच्या वडिलांचा त्या भागात ओव्यांसाठी लौकिक होता. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या ओव्या त्यानं स्वतःच्या आवाजात म्हणून अल्बम केला होता. त्याला पूर्ण पानाची जाहिरात हवी होती. वर वडिलांचा फोटो माळ आणि दिव्यासह, खाली त्याचा स्वतःचा.

काकांचा चेहरा उतरला. "एकाच पानावर?"

"वडलाच्याच ओव्या हायत काका. वडलाला कसा वगळू?"

"मग तू तरी हस."

"बापाच्या फोटूखाली दात काढून हसू व्हय? माय काय म्हणंल?"

त्यानं वडिलांचा फेटा बांधून, त्यांचीच घोंगडी खांद्यावर घेऊन फोटो काढला होता. गंभीर चेहऱ्याचा. वडिलांचा फोटो मात्र कुठल्याशा कार्डावरून घेतलेला, धूसर, म्हातारपणीचा. काकांनी दोघांच्या मध्ये जाड पिवळी पट्टी घातली. खालच्या भागावर ठळक 'नवा अल्बम' लिहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. खंडू खूश झाला. जाताना म्हणाला, "माय घरी एकटीच असती. तिला वाचता येत नाय, पण फोटू बघून लई खूश होईल. बाप गेला तेव्हा तिनं अंथरूणच धरलं होतं. डॉक्टर म्हणले, हृदय कमजोर झालंय, जपा."

अंक आला त्या दिवशी मला कॉलेज नव्हतं. काकांनी तो नेहमीसारखा उपडा ठेवला. चहा झाला. "बघ बाई," म्हणाले. मी पानं उलटत गेले आणि थांबले. मला एकदम सांगू नको म्हणून बजावलं होतं, पण हळू कसं सांगायचं तेही मला समजेना. मी नुसतं पान त्यांच्याकडे वळवलं.

जाहिरात अर्ध्या पानाची झाली होती. वडिलांचा फोटो नव्हता. पिवळी पट्टी नव्हती. लंबगोल चौकटीत, झेंडूच्या माळेत, दिव्याच्या वर खंडू होता. फेटा बांधलेला, गंभीर. वर 'स्मृतीस अर्पण'. 'नवा अल्बम' हे शब्द अगदी तळाशी, नंबराजवळ, बारीक.

काकांनी मासिकाच्या ऑफिसला फोन लावला. फोन टेबलावर ठेवून, स्पीकरवर बोलत होते. पलीकडचा माणूस घाईत होता. "काका, शेवटच्या क्षणी जागा कमी पडली. दोन्ही फोटो सारखेच दिसत होते, म्हणून आमच्या पोरानं धूसर होता तो काढला, स्वच्छ होता तो वर घेतला. पुढच्या अंकात खुलासा टाकू."

"गठ्ठे गेले का?"

"सकाळच्या गाडीनंच. कन्नड लाईनचे तर पहिले गेले."

खंडूचं गाव त्याच रस्त्याला, वेरूळच्या पुढे. त्याचा फोन बंद होता. पहिली पाळी असली की मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, हे त्यानंच सांगितलं होतं. गेटवर फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला, पाळी सुटल्याशिवाय निरोप जात नाही. तीन वाजता सुटते.

मी म्हणाले, "त्याच्या आईचा नंबर आहे ना तुमच्याकडे? तिलाच फोन करू या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय सांगू फोनवर? तुमचा मुलगा जिवंत आहे म्हणून? असं कुणी फोन करून सांगतं का बाई? हे ऐकूनच माणूस जाईल."

मग ते उठले. कोपऱ्यात त्यांची स्कूटर होती. तिच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मुलीनं घेऊन दिली होती, ते चालवत नसत. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुला घाट येतो का चालवता?"

येतो, असं मी सांगितलं. खरं तर घाटात मी एकदाच गाडी चालवली होती.

सलीमभाई टपरीतून बाहेर आले. झालं काय ते ऐकल्यावर त्यांनी या वेळी थट्टा केली नाही. "आहिस्ता जाओ, बेटा," एवढंच म्हणाले.

त्या प्रवासाचं फारसं आठवत नाही. दौलताबादच्या दरवाजातून जाताना समोरून बस आली आणि काकांनी माझ्या खांद्यावरची ओढणी मुठीत धरली, ती खुलताबाद गेलं तरी सोडली नाही. घाटात ते मोठ्यानं बोलत होते. "हळू. पण थांबू नको. हळू, पण थांबू नको." मध्येच म्हणाले, "तिनं अजून बघितलं नसंल. वाचता येत नाही म्हणला ना तो." आणि लगेच स्वतःच म्हणाले, "दिवा बघायला वाचता कशाला यावं लागतंय?" मला मागे वळून पाहायचं धाडस होत नव्हतं. एखाद्या घरात आपण पोहोचायच्या आधी आपण केलेलं काही पोहोचलेलं असतं, ही किती वाईट गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

वस्तीवर घर विचारायला लागलं नाही. पत्र्याचं घर, शेजारी मेंढरांचं वाडगं, आणि दारात चपलाच चपला.

काका स्कूटरवरून उतरेनात. "गेलं," म्हणाले. "झालं ते." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "तू जाऊन बघ. नाही, थांब. तू नको. मी जातो." ते बूट घालूनच दारापर्यंत गेले, मग लक्षात येऊन मागे आले, खाली बसून बूट काढले आणि पुन्हा गेले. मी त्यांच्या मागे.

रडण्याचा आवाज नव्हता. आत पाच-सहा बायका बसल्या होत्या. मधोमध खंडूची आई, गयाबाई. बारीक, डोळ्यांत मोतीबिंदूची झाक. समोर पाटावर मासिकाचं तेच पान उभं टेकवून ठेवलेलं. ज्वारीच्या वाटीत उदबत्ती खोवलेली. फोटोतल्या कपाळावर ओल्या गंधाचं बोट.

"या बाबा," ती म्हणाली. "संभाजीनगरहून आलात व्हय? खंडूनं फोटू तुमच्याकडंच केला ना? बसा. कौशे, पाणी आण. बघा तरी, किती झ्याक दिसतेत. ह्यांचा तरणेपणीचा फोटू न्हवता आमच्याकडं. कुठून मिळवला पोरानं, देव जाणे."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. खंडूनं घरी सांगितलं होतं, बापाचा फोटो येणार. फेटा बापाचा, घोंगडी बापाची, माळ आणि दिवा. ती नवऱ्याला पाहत होती.

पाणी घेऊन आलेल्या शेजारच्या कौशाबाईनं मला दाराशी ओढलं. तिचे डोळे मोठे झाले होते. "माय, ह्यो खंडूच हाय ना गं? माझ्या पोरानं वेरूळहून आणून दिलं आन् गेला कामाला. मला पाहताच कळलं. पण हिला सांगू का नको, मला काय सुचंना. त्यो हाय ना बरा?"

"बरा आहे. चूक झालीय," मी म्हणाले.

आत गयाबाई काकांना सांगत होती, "ह्याचा मोठा करून द्या. काचंत बसवून. भितीला लावते."

मला वाटलं, काका आता हो म्हणतील. निघू या म्हणतील. ती खूश होती, तिला काही झालं नव्हतं, खंडू संध्याकाळी घरी येऊन काय ते बघेल. घाबरणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपी वाट कुठली? मी स्वतः त्या जागी असते तर हो म्हणून उठले असते.

काकांनी हात पुढे केला आणि जळती उदबत्ती चिमटीत धरून विझवली.

बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"माय," काका म्हणाले. "हा भिंतीला लावू नका. हे तुमचे मालक नाहीत. हा खंडू आहे. त्यांचा फोटो राहिला आणि ह्याचा त्या जागी बसला. चूक आमची झाली."

गयाबाईनं पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ पाहिलं. मग मांडीवर उपडं ठेवलं.

"खंडूला माळ कशापायी घातली?"

तिनं काकांकडे मान वळवली.

"कुठं हाय त्यो?"

"कंपनीत. पहिल्या पाळीला."

"तुमी बघितला का आज?"

काकांना हो म्हणता आलं असतं. ते मान खाली घालून म्हणाले, "नाही."

"मंग तुमाला कसं माहीत?"

तिचा श्वास वर चढायला लागला. कौशाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कुणीतरी म्हणालं, दवाखान्यात न्यावं का. गयाबाई नाही म्हणाली. तिनं काकांचं मनगट धरलं. "त्याचा आवाज येईस्तोवर तुमी इथून उठायचं नाय." काका तिच्याजवळ जमिनीवरच बसले. मी दारातून खंडूचा नंबर लावत होते आणि दर वेळी फोनमधली तीच बाई सांगत होती की फोन बंद आहे. तिचा तो शांत, शिकलेला आवाज मला नकोसा झाला. काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि पुसायला हात मोकळा असूनही ते पुसत नव्हते. मला दिसत होतं, ते फक्त तिच्यासाठी घाबरलेले नव्हते. आपण घातलेली माळ खरी ठरली तर, ही भीतीही त्यांच्या चेहऱ्यावर होती. इतक्या वर्षांचा नेम मोडला होता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातून मोडला हे त्यांच्या दृष्टीनं काहीच नव्हतं.

तीन वाजून गेले. फोन आला नाही. गयाबाईचे डोळे मिटलेले. मग तिच्या शेजारी ठेवलेला छोटा फोन वाजला.

ती घेईना. "तुमी घ्या," काकांना म्हणाली.

काकांनी बटण दाबलं, आवाज मोठा केला, आणि फोन तिच्या कानाशी न नेता मध्येच हवेत धरून राहिले.

"आई? इतके फोन कुणाचे आलेत गं? काय झालं?"

"खंडू."

"हां, बोल की."

"कुठं हायस तू?"

"गेटवर. आताच सुटलो. बसची वाट बघतोय. आई, काय झालं? बरी हायस ना?"

"बरी हाय," ती म्हणाली. "खिडकीशी बसू नगं. आन् सरळ घरी ये." मग ती रडली. कौशाबाईही रडली, आणि लगेच चहा ठेवायला उठली.

यानंतर काही महिन्यांनी काका दुकान बंद करून मुलीकडे नांदेडला गेले. आता गारखेड्यातल्या त्या जागेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ते निघाले तेव्हा मी परीक्षेसाठी केंद्रावर होते, त्यामुळे त्यांना जाताना मी पाहिलं नाही. मला ते आठवतात ते त्या दुपारचे. सगळ्यांचा चहा झाला होता. ऊन कलायला लागलं होतं आणि घाट उजेडात उतरायचा होता, म्हणून मी किल्ली घेऊन दारात उभी होते. काकांनी गयाबाईकडे वाटीभर पाणी मागितलं. खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक भिजवलं, पान मांडीवर सरळ करून घेतलं आणि खंडूच्या कपाळावरचं गंध पुसायला लागले. गंध निघत होतं, त्याबरोबर फेट्याच्या कडेचा रंगही निघत होता.

"राहू द्या बाबा," गयाबाई म्हणाली. "फाटंल ते. लेकरू बोललं ना माझ्याशी."

काकांनी मान हलवली. पण हात थांबवला नाही. रुमालाचं कोरडं टोक शोधलं, ते भिजवलं, आणि पुन्हा हळूहळू पुसत राहिले.